परभाषेचे शब्द कानांनी पाठ करण्यासाठी स्वतःचं रेकॉर्डिंग कसं तयार करावं

शब्दांची यादी आवाजात भरायची आणि दिवसभर कानांत वाजत ठेवायची, असा बहुतेकांचा पहिला बेत असतो. आठवडाभरात तो बारगळतो. फाइल ऐकताना सगळे शब्द ओळखीचे वाटतात आणि बोलायची वेळ आली की नेमका हवा तो तोंडात येत नाही. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सलग वाजणारी यादी आपल्याकडून फक्त पहिलं करून घेते.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या होत्या. जोडी एकदा बरोबर आल्यावरही जे ती पुन्हा पुन्हा आठवून सांगत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आले. ज्यांनी आठवून सांगणं थांबवलं आणि फक्त वाचन चालू ठेवलं, त्यांना एक तृतीयांशाच्या जरा वर. म्हणून आपल्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली रिकामी जागा. बाकीची सगळी खटपट ती जागा नीट राखण्यासाठी.

एका शब्दाचा तुकडा

आधी मराठी अर्थ (साधारण दीड सेकंद), मग ३ सेकंद शांतता, मग परभाषेतलं उत्तर (दीड सेकंद), पुन्हा २ सेकंद शांतता, तेच उत्तर दुसऱ्यांदा, आणि पुढच्या शब्दाआधी दीड सेकंद. एका शब्दाला एकूण ११ सेकंद. पहिल्या शांततेत आठवून मोठ्याने बोलायचं, दुसऱ्या शांततेत ऐकलेल्या उच्चाराची नक्कल करायची. दुसरी शांतता अनेकजण गाळतात. तसं केलं तर चुकलेलं उत्तर दुरुस्त न होताच पुढचा प्रश्न येतो.

पहिली शांतता किती असावी याचा ठरलेला आकडा नाही. उत्तर निवांत बोलायला जेवढा वेळ लागतो त्यात दीड-दोन सेकंद मिळवा. एका शब्दाला ३ सेकंद, सहा-सात शब्दांच्या वाक्याला ५ ते ६. ती आखूड पडली तर आठवायच्या आतच उत्तर येतं आणि आपण नुसते श्रोते होतो. फार लांबली की मन भरकटतं. रेकॉर्ड करणारा माणूस नेहमी घाई करतो, कारण त्याच्या समोर उत्तर लिहिलेलं असतं. फोनवर सरळ बोलून रेकॉर्ड करत असाल तर शांततेच्या वेळी उत्तर मनातल्या मनात दोनदा सावकाश म्हणा आणि मगच तोंडाने म्हणा. घड्याळ बघण्यापेक्षा हे सोपं पडतं.

एका फाइलमध्ये १२ ते १५ शब्द पुरेत. पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये उजळणीचं जे वेळापत्रक सुचवलं, त्याचे पहिले टप्पे ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटं आणि १० मिनिटं असे आहेत. ते काटेकोर पाळायची गरज नाही, पण पहिल्या दिवशीच्या फाइलला त्यातून एक चांगली कल्पना मिळते: नवा शब्द एकदाच न घेता तीनदा घ्यायचा. पहिल्यांदा आल्यावर मध्ये दोन शब्द जाऊ देऊन पुन्हा, आणि त्यानंतर दहाएक शब्दांनी तिसऱ्यांदा. बारा शब्दांची अशी फाइल साडेसहा मिनिटांच्या आसपास होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शब्द एकदाच असलेली, सव्वादोन मिनिटांची फाइल वापरायची. म्हणजे एका गटाच्या दोन फायली झाल्या; तुकडे एकदा तयार असले की दुसरीला फारसं काम पडत नाही.

यादी

कधीही न पाहिलेला शब्द थेट कानांवर टाकू नका. आधी तो लिहिलेला बघा, अर्थ समजून घ्या, दोन-तीनदा मोठ्याने वाचा, आणि मग तो रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. नाहीतर कान ओळखीच्या जवळपासच्या ध्वनीला धरून चुकीचाच शब्द मनात बसवतात आणि तो नंतर हलत नाही.

एकाच विषयाचे शब्द एका फाइलमध्ये कोंबू नका. सगळे रंग, सगळे वार, सगळी भाजी असा गट पाठ्यपुस्तकात नीटनेटका दिसतो, पण एकदम शिकताना ते एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकम यांच्या १९९३ च्या अभ्यासात अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते शिकायला जास्त वेळ लागल्याचं आढळलं होतं. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच: डावं आणि उजवं एकाच दिवशी शिकलेला माणूस नंतर कित्येक महिने दोहोंमध्ये अडखळतो. एक आज घ्या, तो पक्का झाला की दुसरा.

यादी स्प्रेडशीटमध्ये करा: क्रमांक, मराठी प्रश्न, परभाषेतलं उत्तर, छोटं वाक्य, तारीख. हाच क्रमांक पुढे फाइलचं नाव होईल, म्हणून तो तीन आकडी ठेवा, ००१, ००२ असा. साध्या १, २ क्रमांकांनी काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात.

मराठी प्रश्नाला एकच उत्तर असायला हवं. इथे बरेच घोटाळे होतात. ‘लागणे’ असा प्रश्न भरला तर भूक लागणे, वेळ लागणे, आग लागणे, ठेच लागणे यांपैकी नेमकं काय हवंय? परभाषेत या चारींना चार वेगळी क्रियापदं असू शकतात. ‘वेळ लागणे’ असं पूर्ण बोला. ‘तुम्ही’ हा असाच एक: एका माणसाला मानाने म्हटलेलं आणि अनेकांना म्हटलेलं. जर्मनमध्ये पहिल्याला ‘झी’ आणि ओळखीच्या अनेकांना ‘ईअर’, म्हणून प्रश्नातच ‘तुम्ही, साहेब’ किंवा ‘तुम्ही पोरं’ असं काहीतरी जोडा. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक बऱ्याच भाषांत नसतोच. तिथे दोन वेगळे प्रश्न करून उपयोग नाही.

उत्तरही नुसता सुटा शब्द नको. जर्मन नाम आर्टिकलसकट (नामाआधी येणारा, इंग्रजी ‘द’सारखा शब्द) रेकॉर्ड करा, आणि जमल्यास अनेकवचनासकट: ‘दास बुख, डी ब्यूशर’. मराठीतही तीन लिंगं असल्यामुळे आपल्या माणसाला ती परकी वाटत नाहीत आणि म्हणूनच तो बेफिकीर राहतो. मराठीत टेबल नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये ‘डेअर टिश’ पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या नामाला निश्चित आर्टिकल लावलं तर लिंग झाकलं जातं: ‘लेकॉल’ ऐकून शाळा स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हे कळत नाही, ‘युन एकॉल’ ऐकून कळतं. स्पॅनिशमधलं ‘एल आग्वा’ पुल्लिंगी वाटतं पण पाणी तिथे स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘एल आग्वा फ्रिया’ असं विशेषणासकट घ्या. रशियनमध्ये आघात बदलला की शब्द बदलतो: पहिल्या अक्षरावर आघात दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप, आणि लिखाणात दोन्ही सारखेच. जपानीत तर शब्द सुटा ठेवणं धोक्याचंच. ‘हशि’ म्हणजे पूल आणि ‘हशि’ म्हणजे कडा हे टोकियोच्या उच्चारात सुटे असताना सारखे ऐकू येतात. पुढे ‘गा’ हा प्रत्यय लावला तरच फरक कळतो, पुलाच्या वेळी ‘गा’ खाली उतरतो, कडेच्या वेळी वरच राहतो. म्हणून जपानी नामं ‘गा’ लावून रेकॉर्ड करायची. चिनीत प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर (आवाजाची चढउतार) असतो; तिसऱ्या सुरामागून लगेच तिसरा सूर आला की त्यांतला आधीचा दुसऱ्या सुरासारखा होतो, त्यामुळे तिथे सुटं अक्षर आणि जोडशब्द दोन्ही घेणं बरं.

आवाज कोणाचा

मराठी प्रश्न तुमच्याच आवाजात असू द्या. उत्तर मात्र ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्याच्या आवाजात हवं, निदान सुरुवातीच्या पाचसहाशे शब्दांपर्यंत. स्वतःच्या आवाजातलं उत्तर रोज ऐकलं तर शब्दाबरोबर आपला चुकीचा उच्चारही तितकाच पक्का होतो. तोंडाने बोलण्याचा फायदा घ्यायचाच आहे, पण त्यासाठी शांतता ठेवलेली आहे. नोआ फॉरिन आणि कॉलिन मॅकलिऑड यांच्या २०१८ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात स्वतः मोठ्याने वाचलेले शब्द सर्वांत जास्त लक्षात राहिले, त्याखालोखाल स्वतःच्या ध्वनिमुद्रणातून ऐकलेले, त्यानंतर दुसऱ्याकडून ऐकलेले. रेकॉर्डिंग ऐकताना तोंड बंद ठेवलं तर या क्रमातली पहिली जागा आपण आपणहून सोडतो.

ओळखीचा भाषिक असेल तर त्याला एका वेळी २० ते २५ शब्दच द्या, त्यापलीकडे आवाज थकतो आणि उरकायची घाई येते. यादी वाचताना सगळेच माणसं प्रत्येक शब्दाला शेवटी सूर वर नेतात आणि शेवटच्या शब्दाला खाली आणतात. सुरांच्या भाषेत हे घातक, बाकीच्या भाषांतही कानाला खोटं. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या आणि मधला ठेवा. पहिल्यात सुरुवातीचा जोर असतो, तिसऱ्यात संपवण्याचा उतार. ‘हळू बोला’ असं सांगू नका. हळू बोलताना माणूस अक्षरं सुटी करतो आणि खऱ्या बोलण्यात गळणारे, जोडले जाणारे ध्वनी परत आणतो. तसा शब्द रस्त्यावर भेटत नाही.

माणूस मिळाला नाही तर शब्दांचे उच्चार लोकांनी स्वतः बोलून जमा केलेल्या फॉर्व्होसारख्या साइट आहेत. तिथे वेगवेगळ्या आवाजांतला उच्चार ऐकून निवडता येतो. मशीनचा आवाजही आता बराच चालण्याजोगा झाला आहे, पण त्याला सुटा शब्द देऊ नका, वाक्य द्या. एकाच लिखाणाचे दोन उच्चार होतात तिथे (वरचा रशियन किल्ला-कुलूप, चिनीतलं ‘शिंग’ आणि ‘हांग’ असं दोन तऱ्हांनी वाचलं जाणारं एकच अक्षर) मशीन एक उच्चार निवडतं आणि तो चूक असला तरी तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं. मशीनचा प्रत्येक शब्द शब्दकोशातल्या उच्चाराशी एकदा ताडून बघा.

रेकॉर्ड करताना

महागडा मायक्रोफोन लागत नाही. फोन पुरतो, खोली महत्त्वाची. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसा किंवा पांघरुणाखाली जा. दिसायला विचित्र, ऐकायला उत्तम. पंखा बंद. फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, आणि अगदी समोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची हवा मायक्रोफोनवर आदळणार नाही. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या अक्षराला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकली तर आवाज फाटतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

फोनच्या रेकॉर्डरची गुणवत्ता आधी तपासा. काही जुन्या फोनमध्ये मूळ सेटिंग टेलिफोन दर्जाचं, म्हणजे सेकंदाला ८,००० नमुन्यांचं असतं. त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांना वेगळं करणारं बरंचसं तिथेच असतं. ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो (एकाच चॅनेलचा आवाज), डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनिफाइल) असं निवडा. मिनिटाला सुमारे ५.३ एमबी जागा लागते. काम झालं की मूळ फायली बाजूला काढता येतात. ब्लूटूथ हेडसेटच्या मायक्रोफोनने रेकॉर्ड करू नका, मायक्रोफोन चालू झाला की त्याचा दर्जा बहुधा फोन-कॉलच्या पातळीवर उतरतो.

सगळे मराठी प्रश्न एका दमात, सगळी उत्तरं दुसऱ्या दमात. दोन शब्दांमध्ये पूर्ण दीड सेकंद थांबा. चुकलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा आणि तो शब्द पुन्हा म्हणा. टाळी लहरींच्या चित्रात उंच सुळक्यासारखी दिसते, त्यामुळे कापताना चुका शोधाव्या लागत नाहीत.

कापणं आणि जोडणं

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. रेकॉर्डिंग उघडा, टाळ्या आणि चुका कापा, मग विश्लेषणाच्या मेनूमधलं ‘लेबल साउंड्स’ चालवा. शांततेच्या आधारे ते प्रत्येक शब्दावर खूण करतं. शांततेची मर्यादा उणे ३० डेसिबल ठेवली तर शब्दाच्या शेवटचे मवाळ ध्वनी, ‘स’, ‘फ’, ‘ह’, खुणेबाहेर राहून कापले जाऊ शकतात. उणे ४० करून बघा आणि खुणेच्या आधी-नंतर ०.२ सेकंद मोकळी जागा ठेवा. खोलीत गोंगाट असेल तर उणे ४० ला दोन शब्द चिकटतात. मग खुणा हाताने सरकवाव्या लागतील. खुणांची संख्या आणि यादीतल्या शब्दांची संख्या जुळते का, हे निर्यात करण्याआधीच मोजा. एक खूण जास्त झाली की त्यापुढचे सगळे अर्थ एकेक घराने सरकतात आणि खिडकी विचारली की दार असं उत्तर येतं.

मग एकाहून अधिक फायली निर्यात करण्याचा पर्याय घेऊन प्रत्येक खुणेची वेगळी फाइल काढा. मराठीच्या फायलींना ‘००१-क’, उत्तरांना ‘००१-ख’ अशा धर्तीची नावं. ३, २ आणि दीड सेकंदांच्या निव्वळ शांततेच्या तीन फायली एकदाच करून ठेवा. आता एका शब्दाचे सगळे भाग क्रमाने आयात करा, ट्रॅकच्या मेनूतून ते एकामागोमाग एक लावून घ्या आणि एकत्र निर्यात करा. तुकडा तयार. असेच सगळ्या शब्दांचे तुकडे क्रमाने जोडले की फाइल होते. जोडणी डब्ल्यूएव्हीमध्येच करा आणि एमपी३ अगदी शेवटी. एमपी३ फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी रिकामी जागा घालतो, त्यामुळे एमपी३चे तुकडे जोडले तर सांध्यावर टिचकी किंवा जादा थांबा ऐकू येतो.

जोडण्याआधी सगळ्या भागांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. तुमचा आवाज मोठा आणि उत्तराचा बारीक असेल तर ऐकताना हात सारखा बटणाकडे जातो. लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरून मोनो फायलींना उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) ही पातळी ठीक पडते. गोंगाट काढणारा फिल्टर मात्र बेताने वापरा, ६ ते ९ डेसिबलपर्यंत. जास्त केला तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि आधी ‘स’, ‘श’ हेच ध्वनी मरतात. शेवटची एमपी३ मोनो, ६४ केबीपीएस. साडेसहा मिनिटांची फाइल तीन एमबीच्या थोडी वर जाते.

फाइलच्या अगदी सुरुवातीला एक सेकंद शांतता ठेवा. ब्लूटूथचे इयरफोन झोपेतून जागे व्हायला थोडा वेळ घेतात आणि पहिला शब्द अर्धा गिळतात.

एवढं करायचं नसेल तर फोनवर सलग बोलून केलेली फाइलही कामाची आहे. फक्त त्यात क्रम बदलता येत नाही, आणि ही मर्यादा लहान नाही. त्याच क्रमाने पाचसहा वेळा ऐकलं की मेंदू प्रश्नाऐवजी आधीच्या शब्दावरून पुढचा ओळखू लागतो. सुट्या तुकड्यांचा संग्रह शफलवर लावता येतो, सलग फाइल लावता येत नाही. सलगच करायची असेल तर दोन वेगळ्या क्रमांनी दोन फायली करा.

ऐकायचं कधी, कसं

पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांची फाइल, शक्यतो दोनदा, मध्ये काही तासांचं अंतर. त्यानंतर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी लहान फाइल. प्लेअरमध्ये ‘नवे’, ‘कच्चे’, ‘पक्के’ असे तीन फोल्डर करा आणि तुकडे त्यांत हलवत राहा. तीन वेगवेगळ्या दिवशी शांतता संपायच्या आत बरोबर आलेला शब्द ‘पक्के’मध्ये जातो; चुकला की परत ‘कच्चे’त. एकाच दिवशी तीनदा बरोबर आला याला किंमत देऊ नका. हा हिशेब स्वतः ठेवायचा कंटाळा असेल तर तुकडे अँकीसारख्या सॉफ्टवेअरच्या कार्डांना जोडा, तारखा तेच काढतं. मात्र मग स्क्रीनकडे बघावं लागतं आणि हात मोकळे राहत नाहीत.

चालताना, भांडी घासताना, कपडे घड्या करताना हे छान जमतं. वाचताना, गप्पा मारताना किंवा गर्दीत गाडी चालवताना नाही, कारण बोलण्यासाठी लागणारं लक्ष तिथे आधीच गुंतलेलं असतं. लोकांमध्ये असाल तर आवाज न काढता ओठ हलवा. झोपताना फाइल लावून ठेवू नका, त्याने झोप बिघडू शकते.

उलट दिशेची फाइल, म्हणजे आधी परभाषेतला शब्द आणि मग मराठी अर्थ, वेगळी ठेवा आणि ती नंतर आणा. ती सोपी वाटते, म्हणून लोक तिच्यातच रमतात. ऐकून समजण्यासाठी तिचा उपयोग आहे, पण तिथे शब्द वाक्यात भरा आणि शांतता दोन सेकंदांवर आणा, कारण समोरचा माणूस तीन सेकंद थांबत नाही.

एखादा शब्द ‘कच्चे’मध्ये महिनाभर अडकला तर पुन्हा पुन्हा ऐकून तो सुटत नाही. बहुतेक वेळा प्रश्न संदिग्ध असतो किंवा दुसऱ्या एखाद्या शब्दाशी त्याची गल्लत होत असते. तो तुकडा काढून टाका, आठवडा जाऊ द्या आणि नव्या वाक्यासकट नव्याने रेकॉर्ड करा. दुसरी एक खोड लक्षात ठेवा: रेकॉर्डिंगमधली खाकर, खुर्चीचा करकर आवाज, श्वास यांवरून उत्तर आठवू लागतं. प्रश्नाच्या आधी असा काही आवाज ऐकू येत असेल तर तो कापा, नाहीतर परीक्षा त्या खाकरेची होते.

पंधरा दिवसांतून एकदा कागद घ्या, फक्त मराठी प्रश्न उलटसुलट क्रमाने वाचा आणि उत्तरं लिहा. कानांनी शिकलेले शब्द लिहिताना हमखास घोळ होतो: फ्रेंचमध्ये न उच्चारली जाणारी अक्षरं गळतात, चिनी-जपानी चिन्हं तर ऐकून कळण्याचा प्रश्नच नाही. जे शब्द तोंडी येतात पण लिहिता येत नाहीत, त्यांच्यापुढे स्प्रेडशीटमध्ये खूण करा आणि ते वहीत घ्या. त्यांचा तुकडा ‘पक्के’मध्येच राहू द्या, त्यासाठी नवं रेकॉर्डिंग करण्याची गरज नाही.